०९०८३१ : आयातीच्या आकड्यांतली वेलची

जागतिक व्यापाराच्या तक्त्यांमध्ये अख्ख्या वेलचीची ओळख ०९०८३१ या सहा आकड्यांनी होते. कुटलेली किंवा दळलेली वेलची ०९०८३२ मध्ये मोडते. २०१२ साली एचएस कोडची, म्हणजे मालाच्या या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकांची, फेररचना झाली तेव्हापासून ही विभागणी आहे. कोणत्याही देशाचा आयातीचा तक्ता उघडला की या कोडसमोर दोन आकडे दिसतात, माल किती टन आला आणि त्यासाठी किती डॉलर मोजले गेले. दुसऱ्याला पहिल्याने भागले की प्रतिकिलो सरासरी भाव हाती येतो, आणि मग तो भाव बाजाराच्या अहवालांतून, वर्तमानपत्रांच्या व्यापार पानांवरून आणि व्हॉट्सअॅपवरच्या संदेशांतून ‘वेलचीचा आयात भाव’ म्हणून फिरू लागतो.

मसाल्याच्या आयात-निर्यातीच्या कागदपत्रांशी माझा रोजचा संबंध आहे. त्यामुळे ओळखीचे लोक, विशेषतः मिठाईवाले आणि छोटे मसाला उत्पादक, हा आकडा पुढे करून विचारतात की बाहेर वेलची एवढी स्वस्त असेल तर इथे एवढी महाग का. प्रश्न रास्त आहे, पण ज्या आकड्यावर तो उभा आहे तो आकडाच भारताच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. भारताच्या आयातीतल्या अख्ख्या वेलचीचा सरासरी भाव हा प्रामुख्याने मसाला वेलचीचा, म्हणजे आपण बिर्याणीत टाकतो त्या काळपट, मोठ्या वेलचीचा भाव असतो. श्रीखंडात घालायच्या हिरव्या वेलचीविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

कारण साधे आहे. सहा आकडी कोड दोन्ही वेलच्यांना एकाच खणात टाकतो, आणि वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या प्रजातींच्या वनस्पती असल्या तरी जकातीच्या दृष्टीने त्या दोन्ही ‘वेलची, न कुटलेली, न दळलेली’ एवढ्याच असतात. भारतीय जकात खात्याने आठ आकडी कोडमध्ये पुढची फोड केलेली आहे. ०९०८३११० म्हणजे मोठी वेलची, ०९०८३१२० म्हणजे लहान, म्हणजेच हिरव्या, वेलचीतली अलेप्पी ग्रीन, ०९०८३१३० म्हणजे कूर्ग ग्रीन, त्यापुढे ब्लीच केलेली आणि मिश्र अशा मालासाठी वेगळे कोड आहेत. जो आठ आकड्यांपर्यंत जातो त्याला चित्र स्वच्छ दिसते. पण देशादेशांची तुलना करणारे बहुतेक अहवाल सहा आकड्यांवरच थांबतात, कारण तेवढेच आकडे सर्व देशांत समान असतात. नेपाळहून येणारी मोठी वेलची आणि ग्वाटेमालाहून येणारी हिरवी वेलची यांची बेरीज करून काढलेली सरासरी ही कुणाच्याही गोदामात नसलेल्या मालाची किंमत असते.

मोठ्या वेलचीची गोष्ट म्हणून आधी सांगितली पाहिजे. जगात या वेलचीचे सर्वांत मोठे उत्पादन पूर्व नेपाळात होते. ताप्लेजुंग, पांचथर, इलाम, संखुवासभा हे तिचे जिल्हे. त्याखालोखाल सिक्कीम आणि दार्जिलिंगचा डोंगराळ भाग, मग भूतान. ओढ्याकाठच्या ओलसर उतारांवर, उत्तिसाच्या झाडांच्या सावलीत ही लागवड असते. पावसाळा सरता सरता बोंडे काढली जातात आणि लाकडाच्या भट्टीवर धुरात वाळवली जातात. मसाला वेलचीला जो धुरकट वास असतो तो या भट्टीचा. नेपाळी माल काकडभिट्टा नाक्यावरून पानीटंकीला उतरतो आणि सिलिगुडीच्या बाजारात येतो. भारत-नेपाळ व्यापार करारामुळे नेपाळच्या शेतमालाला आपल्याकडे मूळ जकात पडत नाही, त्यामुळे हा माल मोकळेपणाने येतो. यातला काही भाग भारतात खपतो आणि काही भाग निवडून, प्रतवारी करून पुढे निर्यात होतो.

पाकिस्तान हा मोठ्या वेलचीचा जुना आणि मोठा गिऱ्हाईक. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी असलेला व्यापार थांबवल्यावर ही सरळ वाट बंद झाली आणि मालाला दुबईसारखे वळसे घ्यावे लागले. असा वळसा पडला की व्यापाराच्या तक्त्यांत नवेच देश वेलचीचे ‘आयातदार’ म्हणून चमकू लागतात, प्रत्यक्षात तिथे कुणाच्या पातेल्यात ती पडत नसली तरी. सिक्कीमच्या बाजूला ‘चिर्के’ आणि ‘फुर्के’ या विषाणूजन्य रोगांनी जुन्या बागा खंगत गेल्या, पुरवठा आटला आणि २०१४-१५ च्या सुमारास या वेलचीचे भाव असे चढले होते की काही काळ मोठी वेलची लहान वेलचीपेक्षा महाग विकली जात होती. त्या काळातला भारताचा ‘सरासरी आयात भाव’ पाहून कुणी हिरव्या वेलचीत तेजी आली असा निष्कर्ष काढला असता तर तो सपशेल चुकला असता.

आता हिरव्या वेलचीकडे वळू, कारण वाचकांचा खरा प्रश्न तिच्याविषयी असतो.

हिरवी वेलची पश्चिम घाटाची मूळ रहिवासी. शतकानुशतके जगाला ती मलबारच्या किनाऱ्यावरूनच मिळत होती. ग्वाटेमालात ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, बहुतेक ठिकाणी नोंदले जाते त्याप्रमाणे १९१४ च्या सुमारास, एका जर्मन कॉफी मळेवाल्याने नेली आणि आल्ता वेरापास या प्रांतातल्या कोबान शहराजवळ लावली. ढगांत बुडालेले डोंगर, बारमाही ओल, जंगलाची सावली हे सगळे तिला तिथे घरच्यासारखे मिळाले. १९८० च्या सुमारास ग्वाटेमालाने भारताला मागे टाकले आणि तेव्हापासून निर्यातीत तो देश निर्विवाद पहिला आहे. बऱ्या वर्षी तिथे ३० हजार टनांहून अधिक वेलची पिकते. भारतात हा आकडा साधारण २० ते २५ हजार टनांच्या घरात असतो.

या दोन देशांत एक मोठा फरक आहे आणि भावाचे सगळे गणित त्यावर फिरते. ग्वाटेमालात वेलची कुणी खात नाही. तिथल्या स्वयंपाकात तिला स्थान नाही, त्यामुळे पिकलेली जवळजवळ सगळी वेलची जहाजावर चढते. भारतात उलट आहे. आपले बहुतेक पीक आपणच संपवतो. चहा, मिठाई, मसाले, सुपारी आणि पानमसाल्याचे कारखाने, मुखवास, देवाचा प्रसाद या सगळ्यांत ते जिरते आणि जे उरते किंवा ज्याला बाहेर जास्त भाव मिळतो तेवढेच निर्यात होते. म्हणून ग्वाटेमालाचा निर्यात भाव हा जागतिक भाव असतो, आणि भारताचा लिलावाचा भाव हा आधी भारतीय घरांचा भाव असतो.

ग्वाटेमालाच्या साखळीतही भाव अनेक हातांनी घडतो. मळेवाल्यांनी आणलेले हे पीक आज मुख्यतः केक्ची या मूळनिवासी समाजाच्या लहान शेतकऱ्यांकडे आहे. ते ताजी, ओली फळे विकतात. गावोगाव हिंडून माल गोळा करणाऱ्या दलालाला तिथे ‘कोयोते’, म्हणजे कोल्ह्याचा भाऊबंद, म्हणतात, आणि त्यातच शेतकऱ्याचे त्याच्याविषयीचे मत आले. ओला माल एक-दोन दिवसांत वाळवला नाही तर फुटतो, पिवळा पडतो. त्यामुळे डोंगरातल्या शेतकऱ्याला घासाघीस करायला फुरसत नसते आणि भाव ठरवण्याची ताकद लाकडावर चालणाऱ्या वाळवणी भट्टीच्या मालकाकडे जाते. साधारण पाच किलो ओल्या फळांपासून एक किलो वाळलेली वेलची मिळते. ती कोबानच्या निर्यातदारांकडे निवडली जाते आणि कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बंदरांतून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि इतरत्र रवाना होते.

आपल्याकडे भाव ठरण्याची रीत अधिक उघडी आहे. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातले पुट्टडी आणि घाट उतरून गेल्यावर तमिळनाडूतले बोडिनायकनूर या दोन ठिकाणी स्पायसेस बोर्डाच्या देखरेखीखाली वेलचीचा ई-लिलाव होतो. परवानाधारक लिलावदार संस्था शेतकऱ्यांचा माल मांडतात, दर लॉटच्या नमुन्याची छोटी पुडी खरेदीदारापुढे येते, तो ती तळहातावर ओततो, एखादे बोंड फोडून दाणा बघतो, नाकाशी नेतो आणि पडद्यावर त्या लॉटचा भाव सरकत असताना काही सेकंदांत बटण दाबतो किंवा सोडून देतो. दिवसअखेर किती माल आला, किती विकला गेला, कमाल भाव काय आणि सरासरी काय, हे बोर्ड जाहीर करते. मसाल्याच्या इतर पिकांत इतकी नियमित आणि उघड नोंद क्वचितच आढळते. वेलचीचा भाव समजून घ्यायचा असेल तर आयातीच्या तक्त्याआधी हे रोजचे पान वाचावे, असे मी विचारणाऱ्याला सांगतो.

मात्र तिथेही सरासरी आणि कमाल यांत गल्लत करू नये. कमाल भाव एखाद्या लॉटचा असतो, आणि तो लॉट बहुधा आठ मिलिमीटरच्या, गर्द हिरव्या, भरीव मालाचा असतो. वेलचीची प्रत आकार, रंग आणि लिटरवजन या तीन गोष्टींवर ठरते. लिटरवजन म्हणजे एक लिटरचे माप वेलचीने भरून त्याचे वजन करायचे. अॅगमार्कच्या प्रतवारीत ‘अलेप्पी ग्रीन एक्स्ट्रा बोल्ड’ या सर्वांत वरच्या प्रतीला सात मिलिमीटरचा आकार आणि लिटरमागे किमान ४३५ ग्रॅम वजन लागते. सर्वांत खालच्या ‘लाइट’ प्रतीत हे वजन २६० ग्रॅमपर्यंत उतरते. बाहेरून सारखीच दिसणारी दोन बोंडे असतात, पण एकात पंधरा-वीस काळे चिकट दाणे गच्च बसलेले असतात आणि दुसऱ्यात अर्धवट वाढलेले, पांढुरके दाणे खुळखुळत असतात. घरी डबा हलवून बघितला तरी हा फरक कानाला कळतो. पोचट वेलची मोजायला स्वस्त असते आणि वापरायला महाग, कारण सुवास टरफलात नसून दाण्यात असतो. आयातीच्या आकड्यांत यातले काहीच उतरत नाही. एका वर्षी हलका माल जास्त आला तर सरासरी भाव घसरलेला दिसतो, बाजार मात्र जागच्या जागी असतो.

गेल्या सात-आठ वर्षांतला भावाचा प्रवास पाहिला की या पिकाचा स्वभाव कळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. इडुक्कीच्या उतारांवर दरडी कोसळल्या, बागांत पाणी साचून मुळे कुजली. त्यापाठोपाठ २०१९ च्या सुरुवातीला कोरडा, कडक उन्हाळा आला आणि उरलेली रोपे वाळली. त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी पुट्टडीच्या लिलावात एका लॉटला किलोमागे ७,००० रुपये भाव मिळाला, आणि तो विक्रम ठरला. अशा तेजीत जे होते तेच पुढे झाले. ज्याच्याकडे थोडी जमीन होती त्याने वेलची लावली, ज्याच्याकडे बाग होती त्याने ती वाढवली, कर्जे काढली गेली. वेलचीचे रोप तिसऱ्या वर्षापासून नीट बोंडे देऊ लागते. म्हणजे २०१९ च्या भावाने भुरळ घातलेली लागवड २०२१ आणि २०२२ मध्ये बाजारात उतरली. सरासरी भाव हजार रुपयांच्या आत आला. ७,००० चा भाव ज्यांनी कानांनी ऐकला होता त्यांनी ७००-८०० रुपयांना माल घातला. खते, औषधे आणि मजुरी यांचे दर मात्र तेजीतल्या पातळीवरच राहिले होते, त्यामुळे इडुक्कीतल्या कित्येक बागा त्या दोन वर्षांत दुर्लक्षित राहिल्या.

या चढउताराला एक वाण कारण आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इडुक्कीतले शेतकरी सेबॅस्टियन जोसेफ यांनी निवड पद्धतीने विकसित केलेले ‘ञल्लानी ग्रीन गोल्ड’ हे वाण नव्वदच्या दशकापासून पसरले आणि जुन्या वाणांच्या कित्येक पट उत्पादन देऊ लागले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेऐवजी शेतकऱ्याच्या बागेतून एखाद्या पिकाचे नशीब पालटावे, ही आपल्याकडे दुर्मीळ घटना आहे. पण हे वाण पाणी मागते, खत मागते आणि वारंवार फवारणी मागते. पाऊस वेळेवर असला की ते भरभरून देते आणि उन्हाळा लांबला की आधी तेच कोसळते. त्यामुळे पुरवठा पूर्वीपेक्षा वाढला तसा तो लहरीही झाला.

२०२४ मध्ये पुन्हा तेच घडले. जानेवारीपासून मेपर्यंत इडुक्कीत पाऊस रुसला, तापमान चढले आणि हजारो हेक्टरांवरची रोपे करपली. योगायोग असा की त्याच सुमारास ग्वाटेमालाचे पीकही कोसळले. तिथे कोरडे हवामान होते आणि शिवाय थ्रिप्स या सूक्ष्म किडीने बोंडांची साल खरवडून टाकली होती. एरवी एक देश आजारी पडला की दुसरा बाजाराला सावरतो. या वेळी दोन्ही एकदम आजारी पडले. भारतातला सरासरी भाव २,००० च्या पुढे गेला, २०२५ च्या आरंभी तो ३,००० च्या आसपास पोचला, आणि एरवी ग्वाटेमालावर अवलंबून असणारे आखातातले खरेदीदार इडुक्कीकडे वळले.

आखात म्हटले की सौदी अरेबियाचे नाव आधी येते. तिथे गहवा, म्हणजे हलक्या भाजलेल्या कॉफीत सढळ हाताने वेलची घालून केलेले पेय, हा पाहुणचाराचा अनिवार्य भाग आहे. तिथल्या आयातीचा सरासरी भाव वेलचीच्या बाबतीत खरोखर विश्वसनीय म्हणावा असा, कारण तिथे मोठ्या वेलचीची सरमिसळ फारशी नसते आणि प्रतीबाबत ते काटेकोर असतात. रंग गर्द हवा, बोंड मोठे हवे. पण २०१८ मध्ये सौदीने भारतीय वेलचीत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याच्या कारणाने तिची आयात रोखली. त्यांची मर्यादा अतिशय कडक होती आणि आपल्या बागांतली फवारणी अतिशय सैल, त्यामुळे दोष एका बाजूला टाकता येत नाही. त्यापुढच्या वर्षांत पूर, दुष्काळ आणि ही बंदी यांनी मिळून भारताची निर्यात २०१९-२० मध्ये दोन हजार टनांच्या आसपास आणून ठेवली. भाव पडल्यावर २०२१-२२ मध्ये तीच १० हजार टनांच्या वर गेली. म्हणजे भाव कोसळला की निर्यात वाढते. ‘विक्रमी निर्यात’ ही बातमी वाचून शेतकरी खुश असेल असे समजू नये. त्या वर्षी तो बहुधा हवालदिल असतो.

मागणीच्या बाजूने रमजानचे वेळापत्रक महत्त्वाचे असते आणि त्याकडे आपल्याकडचे विश्लेषक फार क्वचित बघतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१५ मध्ये तो जूनच्या मध्यावर सुरू झाला होता, २०२५ मध्ये मार्चच्या पहिल्या दिवशी. त्याआधी दोन-अडीच महिने आखाती व्यापारी खरेदी उरकतात. रमजान उन्हाळ्यात होता तेव्हा ग्वाटेमालाची शरदात सुरू होणारी तोडणी पूर्ण होऊन, माल निवडून, निवांत जहाजावर चढवता येत असे. आता खरेदीचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकमेकांवर येत चालले आहेत, त्यामुळे पहिल्या तोडणीच्या मालावर ताण पडतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरचे भाव तापतात. शिवाय आपली दिवाळी त्याच्या आधीच असते. इडुक्कीची तोडणी ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत दीड-दीड महिन्याच्या अंतराने फेऱ्याफेऱ्यांनी चालते. तिच्या भर हंगामात घरची दिवाळी, लग्नसराई आणि आखाताचा रमजान असे तीन गिऱ्हाईक आता एकामागोमाग एक उभे असतात. २०३० मध्ये तर रमजान जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर, असा एकाच वर्षात दोनदा सुरू होणार आहे.

आता मूळ प्रश्न, बाहेरून स्वस्त वेलची आणता येते का. भारतात हिरव्या वेलचीवर मूळ आयात जकात ७० टक्के आहे. समजा ग्वाटेमालाची वेलची विमा आणि जहाजभाड्यासह न्हावाशेवा बंदरात किलोमागे १,००० रुपयांना पोचली. त्यावर ७०० रुपये जकात, जकातीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ७० रुपये, अशी किंमत १,७७० होते. त्यावर ५ टक्के आयजीएसटी ८८ रुपये ५० पैसे. आयजीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते, पण बाकीचे ७७० रुपये परत येत नाहीत. म्हणजे इथला भाव बाहेरच्या भावाच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त चढल्याशिवाय सरळ मार्गाने केलेली आयात परवडत नाही, आणि तेवढी तफावत क्वचितच पडते. हिरव्या वेलचीची सरळ आयात थोडी दिसते ती यामुळे. जी दिसते तिच्यातला काही भाग निर्यातीच्या अटीवर जकातमाफी घेऊन, अर्क आणि तेल काढण्यासाठी आलेला असतो. तेल काढणाऱ्याला रंगाशी आणि आकाराशी देणेघेणे नसते, त्याला बारीक, फुटका, पिवळट माल चालतो, आणि त्या मालाचा जाहीर भाव साहजिकच कमी असतो. ‘बाहेर वेलची एवढी स्वस्त’ म्हणून फिरणाऱ्या आकड्यांत असा मालही मिसळलेला असतो.

एवढी भिंत उभी केली की तिला भगदाडे पडतातच. ग्वाटेमालाचा माल नेपाळमार्गे चोरून येतो, अशी इडुक्कीच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. भारतातला भाव चढला की शेजारच्या देशांची वेलचीची भूक अचानक वाढलेली तक्त्यांत दिसते. ज्या देशात हिरव्या वेलचीचा खप मर्यादित आहे तिथे आयात दुप्पट होते आणि निर्यातीत ती कुठेच दिसत नाही, तेव्हा ती कुठे गेली हे समजायला फार हुशारी लागत नाही. जकात कमी करावी असे म्हणणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात. मला ते पटत नाही. भारतातले वेलचीचे शेतकरी लहान आहेत, भावाचा चढउतार त्यांनी पुरेसा सोसलेला आहे आणि २०२१ सारख्या मंदीत जकातीची भिंत नसती तर ग्वाटेमालाच्या मालाने त्यांना उरलेसुरलेही मिळू दिले नसते. फटी बुजवाव्यात, भिंत पाडू नये. मात्र जकातीचे संरक्षण घेणाऱ्या बाजाराने बोंडांना हिरवा रंग चढवण्यासारखे प्रकारही स्वतःहून थांबवायला हवेत. असा कृत्रिम रंग लावून चमकवलेली वेलची पाण्यात टाकली की पाणी रंगते, हे वाशीच्या मसाला मार्केटमधला कुठलाही जुना दलाल करून दाखवील.

वाशीचा उल्लेख आलाच आहे तर महाराष्ट्रापुरते थोडे. आपल्या राज्यात वेलची नाव घेण्याइतकी पिकत नाही, पण खप मोठा आहे. मागणी गोकुळाष्टमीपासून उचल खाते, गणपतीत मोदकांमुळे आणि दसऱ्याला श्रीखंडामुळे टिकते आणि दिवाळीला टोकाला जाते. या काळात वाशीला बोडिनायकनूरचा भाव आज कळतो आणि किरकोळ दुकानात तो आठ-पंधरा दिवसांनी पोचतो. चढताना लवकर, उतरताना उशिरा. मिठाईवाले आठ मिलिमीटरच्या मागे लागत नाहीत, दळायचीच असते म्हणून सहा-साडेसहाचा भरीव माल घेतात, आणि त्यांचा हिशेब बरोबर असतो. भेट देण्याच्या डब्यांत आणि चांदीचा वर्ख लावलेल्या मुखवासात मात्र मोठे बोंड लागते, म्हणून ऑक्टोबरमध्ये मोठ्या आणि मध्यम मालातली दरी रुंदावते. डिसेंबरात ती पुन्हा अरुंद होते. ज्याला साठवणूक करायची आहे त्याने सरासरी भावापेक्षा ही दरी बघावी.

परदेशातल्या मराठी वाचकांचा अनुभव याच्या उलट असतो. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या भारतीय दुकानातून घेतलेल्या वेलचीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत बघितले तर पुष्कळदा मूळ देश ग्वाटेमाला छापलेला असतो. पाकिटावर नाव आणि चित्र भारतीय, आत कोबानचा माल. त्या देशांच्या आयात तक्त्यांतला सरासरी भाव मुख्यतः हिरव्या वेलचीचाच असतो, त्यामुळे तो वाचताना मी सांगितलेली पहिली अडचण फारशी येत नाही. तिथे बघायचे ते एवढेच की माल थेट ग्वाटेमालाहून आला की दुबईत किंवा युरोपात एकदा उतरून, निवडून आणि नफा चढवून आला. मूळ देश आणि पाठवणारा देश हे दोन वेगळे रकाने असतात आणि बरेच तक्ते त्यातला एकच दाखवतात.

सध्या मी स्वतः तीन गोष्टींवर नजर ठेवून आहे. इडुक्कीत फेब्रुवारी ते मे या काळात पडणारा वळिवाचा पाऊस ही पहिली, कारण पुढच्या हंगामाची शेंडी तिच्या हातात असते. ग्वाटेमालातल्या थ्रिप्सचा बंदोबस्त होतो की नाही ही दुसरी. तिथल्या लहान शेतकऱ्याकडे फवारणीला पैसा नाही आणि फवारणी वाढली तर सौदीची मर्यादा आडवी येते, त्यामुळे हे कोडे लवकर सुटेल असे वाटत नाही. तिसरी गोष्ट, २०२४-२५ च्या भावाने इडुक्कीत आणि आसपास किती नवी लागवड झाली. रोपवाटिकांत रोपे मिळेनाशी झाली की तीन वर्षांनी भाव कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि त्या वेळी साठा करून बसलेल्यांमध्ये आपण नसावे.